सरबत, लोणचे आणि सोडियम बेंझोएट : किती घालावे, कशात घालू नये

रमजान दोन महिन्यांवर आला की आपल्याकडील सरबतवाले कामाला लागतात. आमच्या परिचयाचे एक भाई घरामागील शेडमध्ये गुलाबाचे सरबत बनवितात. एके वर्षी त्यांनी पाचशे बाटल्या भरून आसपासच्या दुकानांत ठेवल्या. पहिला अशरा बरा गेला. दुसऱ्या अशऱ्यात दुकानदारांचे निरोप येऊ लागले. बाटलीत फेस दिसतो, झाकण उघडताच फस्स आवाज येतो, दोन बाटल्या तर कपाटातच फुटल्या. एका गिऱ्हाइकाने दुकानात उभे राहून विचारले, "भाई, हे सरबत आहे की दुसरेच काही?" भाईंना मालाच्या नुकसानीपेक्षा हा प्रश्न जास्त झोंबला. त्यांचे म्हणणे एकच होते, "पावडर तर मी दुप्पट टाकली होती!"

ही पावडर म्हणजे सोडियम बेंझोएट. सरबत, स्क्वॅश, लोणचे, टोमॅटो सॉस, चिंचेची चटणी बनविणाऱ्या आपल्या बहुतेक लहान कारखानदारांकडे तिचा डबा असतो. वापरणारे पुष्कळ आहेत, पण ती कशी काम करते हे ठाऊक असलेले थोडे. म्हणूनच दुप्पट पावडर घालूनही माल नासतो, आणि उलट बाजूला, गरज नसताना ती लोकांच्या पोटात जाते. दोन्हीत तोटा आपलाच आहे. म्हणून या वेळी हा विषय जरा सविस्तर घेत आहोत.

लोबानपासून कारखान्यापर्यंत

या पावडरीचे मूळ आपल्या घरातलेच आहे असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. आपण जुमेरातीला जाळतो तो लोबान म्हणजे स्टायरॅक्स जातीच्या झाडाचा डिंक. अरब व्यापारी तो सुमात्रा बेटावरून आणीत आणि त्याला 'लुबान जावी' म्हणत. इब्न बतूताने चौदाव्या शतकात आपल्या प्रवासवर्णनात या लोबानाचा उल्लेख केला आहे. युरोपीय लोकांच्या तोंडी 'लुबान जावी'चे 'बेंझोइन' झाले. या डिंकाला उष्णता दिली की पांढरे चकचकीत स्फटिक मिळत. त्या पदार्थाला पुढे बेंझोइक आम्ल हे नाव पडले. साल्कोव्स्की या जर्मन शास्त्रज्ञाने १८७५ साली दाखविले की हे आम्ल बुरशीची वाढ रोखते. तेव्हापासून ते अन्न टिकविण्याच्या कामी येऊ लागले.

आज बाजारात मिळणारा माल लोबानाचा नसतो. खनिज तेलापासून मिळणाऱ्या टोल्यूइन या द्रवाचे हवेतील प्राणवायूशी संयोग करून बेंझोइक आम्ल बनवितात आणि कॉस्टिक सोड्याने त्याचे मीठ करतात. तेच सोडियम बेंझोएट. मीठ करण्याचे कारण सोपे आहे. बेंझोइक आम्ल पाण्यात फारसे विरघळत नाही, एका लिटरमध्ये जेमतेम साडेतीन ग्रॅम. सोडियम बेंझोएट मात्र लिटरभर पाण्यात सहाशे ग्रॅमपर्यंत विरघळते.

अनेक बंधू विचारतात म्हणून येथेच सांगतो. ही पावडर प्राण्यांपासून बनत नाही आणि तिच्यात मद्यार्क नसतो. तेव्हा मूळ पदार्थाविषयी शंकेचे कारण दिसत नाही. शंका घ्यायचीच तर सरबतात घालतो त्या इसेन्सविषयी घ्यावी. काही इसेन्स मद्यार्कात विरघळवून विकतात. खरेदी करताना त्याचा द्रावक कोणता आहे हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे.

आंबटपणा नसेल तर पावडर मेली

आता भाईंच्या बाटल्यांकडे येऊ. सोडियम बेंझोएट स्वतः जंतूंना फारसे काही करीत नाही. आंबट पदार्थात पडल्यावर त्याचे पुन्हा बेंझोइक आम्ल होते. हे आम्ल अखंड स्वरूपात असेल तरच ते यीस्ट आणि बुरशीच्या पेशीचा पडदा ओलांडून आत शिरते. आत गेल्यावर तेथील आम्लता वाढवून ते साखर पचविण्याची क्रिया थांबविते. आंबटपणा कमी असेल तर हे आम्ल अखंड राहत नाही, त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे पेशीच्या दारातच अडकतात.

आंबटपणा पीएच या मापाने मोजतात. आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट. शुद्ध पाण्याचा पीएच ७, लिंबाच्या रसाचा २ ते अडीचच्या आसपास. हिशोब असा आहे : पीएच ३ असेल तर घातलेल्या बेंझोएटपैकी सुमारे ९४ टक्के कामाचे असते. साडेतीनला ८३ टक्के, ४ ला ६० टक्क्यांच्या थोडे वर, साडेचारला ३३ टक्के, ५ ला १४ टक्के. पीएच ६ झाला की दोन टक्केसुद्धा उरत नाही.

भाईंचे गुलाबाचे सरबत म्हणजे साखरेचा पाक, रंग आणि अर्क. त्यात आंबट काहीच नव्हते. किलोला ६०० मिलिग्रॅम घातले तरी पीएच ६ ला त्यातले दहा मिलिग्रॅमसुद्धा कामाला येत नाही. दुप्पट घातल्याने वीस होईल, पाचपट घातल्याने पन्नासच्याही आत राहील. तेच ६०० मिलिग्रॅम साडेतीन पीएचच्या लिंबू सरबतात पाचशेच्या जवळ काम देते. म्हणजे चूक मापाची नव्हती. पावडर अशा ठिकाणी घातली होती की जेथे ती उपयोगाचीच नाही.

दुसरी चूक अशी की साखरेचा भाव चढला म्हणून त्या वर्षी पाक पातळ ठेवला होता. साखर हीसुद्धा परिरक्षकच आहे. फळांच्या सिरपमध्ये विद्राव्य घन पदार्थ ६५ टक्के असावेत असा जो नियम फळ उत्पादन आदेशाने घातला होता, त्यामागे चवीबरोबर टिकाऊपणाही होता. एवढ्या दाट पाकात यीस्टला पाणी मिळत नाही. पाक ५०-५५ टक्क्यांवर आला की यीस्ट जागे होते, साखर खाऊन वायू आणि मद्यार्क तयार करते. गिऱ्हाइकाचा प्रश्न म्हणूनच खोटा नव्हता. फेसाळलेले सरबत पुन्हा उकळून, गाळून विकण्याची खटपट काही जण करतात. ती करू नये. तो माल ओतून द्यावा.

दाट पाकसुद्धा एका ठिकाणी दगा देतो. गरम सरबत बाटलीत भरून लगेच झाकण लावले की वाफेचे थेंब झाकणाखाली जमतात, खाली उतरतात आणि वरचा थर पातळ करतात. बुरशी प्रथम तेथेच धरते. बाटली भरल्यावर झाकण लावून ती काही वेळ आडवी ठेवावी किंवा उलटी करून पाक हलवावा.

गुलाब, खस, केवडा अशा बिनआंबट सरबतांत पावडर घालायचीच असेल तर आधी सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबाचे सत, घालून पीएच साडेतीनच्या खाली आणावा. किती सत लागेल ते प्रत्येकाच्या पाकावर अवलंबून आहे. पीएच पाहण्याच्या कागदी पट्ट्या रसायनांच्या दुकानात स्वस्तात मिळतात. रंगीत सरबतात पट्टीचा रंग नीट ओळखू येत नाही, म्हणून रंग घालण्यापूर्वीच तपासणी करावी. धंदा मोठा असेल तर पीएच मीटर घेणे परवडते.

वजन कसे करावे

नियमांतील मर्यादा पीपीएममध्ये असतात. एक पीपीएम म्हणजे एक किलो मालात एक मिलिग्रॅम. येथे बहुतेकांची गल्लत होते, कारण मर्यादा बेंझोइक आम्लाची दिलेली असते आणि आपण घालतो सोडियम बेंझोएट. एक ग्रॅम बेंझोइक आम्लासाठी १.१८ ग्रॅम सोडियम बेंझोएट लागते.

१९५५ च्या फळ उत्पादन आदेशापासून आपल्याकडे चालत आलेले आणि २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांतही आलेले आकडे असे : स्क्वॅश, क्रश आणि फळांच्या सिरपसाठी ६०० पीपीएम, लोणचे व चटणीसाठी २५०, टोमॅटो व इतर सॉससाठी ७५०, जॅमसाठी २००, तयार पिण्याच्या पेयांसाठी १२०. पावडरीच्या हिशोबात शंभर किलो स्क्वॅशला जास्तीत जास्त ७० ग्रॅम, शंभर किलो लोणच्याला साडेएकोणतीस ग्रॅम, शंभर किलो सॉसला ८८ ग्रॅम. नियमांत अधूनमधून दुरुस्त्या होतात. म्हणून भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, ताजा तक्ता पाहिल्याशिवाय नवीन माल बाजारात आणू नये.

शंभर किलो लोणच्याला तीस ग्रॅमसुद्धा नाही! आणि आपल्याकडे मूठ मारून किंवा चमच्याने टाकण्याची रीत आहे. चमचा सपाट की शिगोशीग यावरच दुपटीचा फरक पडतो. सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा काटा हल्ली फार महाग राहिलेला नाही. पीठ आणि मसाला तोलण्याच्या काट्यावर पावडर तोलू नये.

तोललेली पावडर थोड्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवावी आणि ते पाणी ढवळत ढवळत मालात घालावे. कोरडी पावडर थेट आंबट रसात टाकली तर बेंझोइक आम्लाचे पांढरे कण तळाशी बसतात. मग एका बाटलीत जास्त, दुसरीत काहीच नाही, असे होते. ज्या सरबतात सत घालायचे आहे तेथे आधी बेंझोएटचे पाणी आणि नंतर सत, हा क्रम ठेवावा. सॉस शिजत असताना सुरुवातीला पावडर घालण्यातही अर्थ नाही, कारण आंबट पदार्थ उकळताना हे आम्ल वाफेबरोबर उडते. विस्तवावरून उतरविण्याच्या सुमारास घालावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. बेंझोएट जंतूंची वाढ थांबविते, घाण साफ करीत नाही. सडकी फळे, न उकळलेल्या बाटल्या, गाळण्याचे मळके फडके यांवर ते उपाय नाही. शिवाय यीस्टच्या काही जाती या पावडरीला दाद देत नाहीत. एकदा त्या भांड्याकुंड्यांत शिरल्या की शेड धुऊन काढल्याशिवाय जात नाहीत.

कोणत्या मालात घालू नये

आमच्या बेकरीवाल्या बंधूंनी हा डबा बाजूला ठेवावा. पाव आणि बनचा पीएच पाच-साडेपाचच्या आसपास असतो, तेथे बेंझोएट चालत नाही. उलट कणकेतील खमिराला ते मारक ठरते. पावासाठी कॅल्शियम प्रोपिओनेट वापरतात. ते बुरशी आणि पावात तार सुटण्याचा रोग दोन्ही रोखते आणि खमिराला फारसा त्रास देत नाही. दूध, खवा, फिरनी यांत बेंझोएट घालणे ही सरळ भेसळ आहे. खिमा, कबाब, कच्चे मांस यांचेही तेच. तेथे बर्फ आणि स्वच्छता याच गोष्टी कामाच्या.

तेलातील आंब्याच्या लोणच्याला तर बहुधा गरजच नसते. पंधरा टक्के मीठ, कैरीचा आंबटपणा, मोहरी आणि वर तेलाचा थर एवढ्यावर आपल्या आजी-नानींची बरणी वर्षभर टिकत असे. मिठाच्या पाण्यातील लोणच्यात मीठ १२ टक्क्यांपेक्षा कमी असू नये, असाही नियम होता. आजच्या गिऱ्हाइकाला कमी खारट, कमी तेलाचे लोणचे हवे असते, म्हणून पावडर आली. ज्यांचे लोणचे जुन्या पद्धतीचे आहे त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून पावडर घालू नये. 'परिरक्षक नाही' असे खरेपणाने छापता आले तर तोच माल चार पैसे जास्त देतो.

लिंबू, संत्रे आणि आवळा यांच्याबाबत विशेष सावध राहावे. या फळांत क जीवनसत्त्व असते. क जीवनसत्त्व आणि बेंझोएट एकत्र आले, त्यात तांब्याचा किंवा लोखंडाचा अंश मिसळला आणि बाटली उन्हात तापत राहिली, तर बेंझीन नावाचा विषारी पदार्थ अतिसूक्ष्म प्रमाणात तयार होऊ शकतो. बेंझीन कर्करोगाला कारण ठरते. अमेरिकेत १९९० साली ही बाब उघड झाली आणि २००५ नंतर तेथील सरकारने बाजारातील शीतपेयांची तपासणी केली. बहुतेक पेयांत प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेखाली होते. काही पेयांत ते वर निघाले आणि कंपन्यांना मिश्रण बदलावे लागले. आपल्याकडे धोका वाढविणाऱ्या दोन सवयी आहेत. एक, कलई गेलेल्या तांब्याच्या देगेत सरबत करणे. दुसरी, बाटल्या दुकानाबाहेर उन्हात मांडणे. देग स्टीलची घ्यावी आणि बाटल्या सावलीत ठेवाव्यात.

लिंबू-संत्र्याच्या स्क्वॅशसाठी बेंझोएटऐवजी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरण्याची रीत आहे. त्यापासून निघणारा गंधकाचा वायू जंतू रोखतो आणि रंग काळवंडू देत नाही. पण तोच वायू कोकम, जांभूळ, फालसा यांचा लाल-जांभळा रंग उडवितो. म्हणून कोकणातील आमच्या बंधूंच्या कोकम सरबताला बेंझोएटच योग्य. दम्याच्या रोग्यांना गंधकाचा त्रास होऊ शकतो, हेही येथे नोंदवून ठेवतो. दोन्ही पावडरी पूर्ण मापाने एकत्र घालणे मात्र चुकीचे आहे. नियमाने दोन्ही चालत असतील तेथेसुद्धा एकीचे माप निम्मे तर दुसरीचेही निम्मे, असा वाटा करावा लागतो.

खाणाऱ्याच्या शरीरात काय होते

या पावडरीवरून अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी मोठा वाद झाला होता. तेथील कृषी खात्याचे रसायनतज्ज्ञ हार्वे वायली यांनी १९०२ पासून तरुण स्वयंसेवकांना ठरावीक अन्नातून बेंझोएट, बोरॅक्स वगैरे देऊन परिणाम पाहिले आणि बेंझोएटवर बंदी मागितली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आयरा रेमसन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरे मंडळ नेमले. त्याने १९०९ मध्ये अल्प प्रमाणात ते निर्धोक असल्याचा निर्वाळा दिला. तेथे एक हजार भागांत एक भाग ही मर्यादा पुढे कायम झाली. या भांडणातून धंद्याच्या दृष्टीने घेण्यासारखी एक गोष्ट निघाली. हाइन्झ कंपनीने पिकलेले टोमॅटो, जास्त व्हिनेगर आणि जास्त साखर वापरून बेंझोएटशिवाय केचप टिकवून दाखविले आणि त्याचीच जाहिरात करून बाजार मिळविला.

पोटात गेलेले बेंझोएट साठून राहत नाही. यकृत त्याला ग्लायसिनशी जोडून हिप्युरिक आम्ल बनविते आणि ते लघवीवाटे बाहेर जाते. दालचिनी, लवंग, आलुबुखारा यांत बेंझोइक आम्ल निसर्गतःच असते. तरीही काही लोकांना त्याने अंगावर पित्त उठते, दम्याच्या रोग्यांचा त्रास वाढू शकतो. लहान मुलांच्या चंचलपणाविषयी इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास २००७ साली गाजला. त्यात मुलांना कृत्रिम रंग आणि बेंझोएट यांचे मिश्रण दिले होते. त्यामुळे दोष रंगांचा की बेंझोएटचा, हे त्यातून वेगळे होत नाही. युरोपने पुढे इशारा छापण्याची सक्ती केली ती त्या सहा रंगांसाठी.

रोज किती चालेल याचे उत्तर तज्ज्ञांनी शरीराच्या वजनावर दिले आहे. किलोमागे ५ मिलिग्रॅम हा आकडा अनेक वर्षे जगभर मान्य होता आणि युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये तोच ठेवला. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने २०२१ मध्ये नव्या पुराव्यांवरून तो २० केला. आपण जुना, कडक आकडा धरू. वीस किलो वजनाच्या मुलाला दिवसाला १०० मिलिग्रॅम. साठ ग्रॅम स्क्वॅशमध्ये पाणी घालून एक पेला केला आणि स्क्वॅश नियमाप्रमाणे ६०० पीपीएमचा असेल, तर त्या पेल्यात ३६ मिलिग्रॅम येते. इफ्तारला तीन पेले प्यायलेले मूल मर्यादेच्या जरा वर जाते. मोठ्या माणसाला साठ किलो वजनावर आठ पेले चालतील. पण कारखानदाराने भाईंप्रमाणे दुप्पट टाकली असेल तर मुलाची मर्यादा दुसऱ्या पेल्यालाच ओलांडते, आणि त्याच दिवशी सॉस, लोणचे, बाटलीबंद पेय पोटात गेले असेल तर ते वेगळेच. मोहल्ल्यातील मुले आपलेच गिऱ्हाईक असतात.

खरेदी आणि लेबल

सोडियम बेंझोएट गंज रोखण्याच्या द्रवांत आणि शोभेच्या दारूतही वापरतात. त्यामुळे घाऊक रसायन बाजारात औद्योगिक दर्जाचा मालही मिळतो आणि तो स्वस्त पडतो. खाण्याच्या मालासाठी तो घेऊ नये. सुटा, पिशवीत बांधून दिलेला माल नकोच. डब्यावर फूड ग्रेड, उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि तारीख असली पाहिजे. बिल मागून घ्यावे आणि जपून ठेवावे. नमुना नापास झाला तर तेच कामी येते.

आपल्या बाटलीवर परिरक्षकाचा उल्लेख त्याच्या क्रमांकासह करावा लागतो. सोडियम बेंझोएटचा क्रमांक आयएनएस २११. सोबत आपला चौदा आकडी नोंदणी किंवा परवाना क्रमांक. पावडर घालून ती लेबलवर न लिहिणे हा वेगळा गुन्हा आहे. २००६ च्या कायद्यात चुकीच्या लेबलसाठी तीन लाखांपर्यंत आणि कमी दर्जाच्या मालासाठी पाच लाखांपर्यंत दंड ठेवण्यात आला. लहान शेडवाल्याचा पूर्ण हंगाम एवढ्यात जातो.

आमच्या भाईंनी पुढच्या वर्षी पाक पुन्हा ६५ टक्क्यांवर नेला, सत घालून पट्टी पाहिली आणि सोनाराच्या काट्यावर किलोला ७०० मिलिग्रॅमच्या आत पावडर तोलली. रमजान संपेपर्यंत एकही बाटली परत आली नाही. आता ते प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या विक्रीला न काढता तारीख लिहून शेडमधील फळीवर ठेवतात, एक बंद आणि एक रोज उघडून थोडी वापरलेली. तीन महिने ती दुसरी बाटली टिकली तरच ते तेच माप पुढच्या बॅचला धरतात.